भिंतीकडची मुलगी

१

यंदा गावातलं नाटक दिवसा होतं.

एरवी या भागात नाटकाची घंटा रात्री दहाला होते आणि पाखरं बोलायला लागली की शेवटचं गाणं. पण महिना झाला, शिवारात वाघ फिरत होता. तळ्याच्या पाळीवर रोज सकाळी त्याची पावलं ताजी दिसत. वनखात्याच्या माणसांनी नाट्यमंडळाला सांगितलं, चार हजार लोक रात्रभर उघड्यावर बसवू नका. नाटकच रद्द करावं, असं मंडळाच्या मनालाही शिवलं नाही. त्यांनी ते दुपारी बाराला ठेवलं.

रंजीता मूल या तालुक्याच्या गावी स्टँडवर उतरली तेव्हा साडेनऊ झाले होते. चंद्रपूरहून उभ्यानं आली होती. आदल्या दिवशी सराव परीक्षेचे ऐंशी पेपर तपासून दिले होते. लाल शाई अजून बोटाला होती. ज्युनियर कॉलेजात तासावर शिकवून तिला दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत ती एकदाही पोटभर झोपली नव्हती, असं तिला स्टँडवरच्या बाकावर टेकताना वाटलं.

‘नाटकाले ये’ असा गिरजा आत्याचा फोन आला तेव्हाच ती समजली होती. नाटकाच्या दिवसांत इथलं प्रत्येक घर पाहुण्यांनी भरतं, आणि पाहुण्यांसोबत एखादा मुलगा येतो. नाटकाला ये म्हणजे दाखवायला ये. गावातली निम्मी लग्नं अशीच जुळली होती, तिच्या आईबाबांचंही.

तिच्या पिशवीत हैद्राबादच्या बियाणे संशोधन केंद्राचं पत्र होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आज शनिवार. याआधी तीनदा तिनं नाही म्हटलं होतं आणि तीनदा बाबांनी ते पाहुण्यांपर्यंत पोचवताना ‘पोरगी अजून शिकतो म्हणते’ असं करून पोचवलं होतं. तिचा नकार तिच्या तोंडून अजून कोणी ऐकलाच नव्हता. या वेळी तो ती स्वतः सांगणार होती. पाहुण्यांच्या तोंडावर, एकदाच, स्पष्ट. मग कोणी रडो, कोणी रुसो. वाक्य तिनं बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. छोटंसं होतं.

२

घरात स्वयंपाकाचा धूर आणि माणसंच माणसं. बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार होता. आत्या ओट्यावर बसून वांगी चिरत होती. ही बाबांची मोठी बहीण. चाळीस वर्षं हे घर तिच्याच शब्दावर चालत आलं होतं.

“आली का मास्तरीण,” आत्या मान वर न करता म्हणाली. “खाटेवर ड्रेस ठेवला आहे. तो घाल.”

खाटेवर मोरपंखी रंगाचा ड्रेस होता, घडीसुद्धा न मोडलेला.

“मी हेच घालून येतो,” रंजीता म्हणाली. अंगात जीन्स होती आणि प्रवासात चुरगळलेला कुर्ता.

“ते घालून तू कॉलेजात जाय. पाहुणे बल्लारपूरचे आहेत. देवरावभाऊ रिटायर झाले, पोरगा प्रफुल नोकरीत परमनंट आहे. एकुलता एक.”

“मग त्यालेच घाला मोरपंखी.”

आईनं चुलीकडून हसू दाबलं. आत्याचं नाही दबलं, कारण आत्याला ते आलंच नव्हतं.

“तोंड पाह्यजो हिचं,” ती आईला म्हणाली. “अवं, पोरीनं कसं असावं? चार माणसात बसली तर बसली आहे का नाई समजू नये. मी जुळवलेल्या दहा पोरी आहेत. एकीनं तरी मले असं उत्तर देल्लं का?”

“त्यायनं काही उत्तर देल्लं का, ते सांगा.”

“रंजी,” आई हळूच म्हणाली, “आजचा दिवस.”

आजचा दिवस. हे दोन शब्द आई गेली तीन वर्षं वापरत होती. रंजीतानं ड्रेस खाटेवर तसाच राहू दिला. तिच्याकडे एकच वाक्य शिल्लक होतं आणि ते तिला इथे खर्चायचं नव्हतं.

३

धान काढून झालेल्या बांधीत मंडळानं जमीन खोदून उतार केला होता, म्हणजे मागच्यांनाही दिसावं. पुढे मंच, चहूबाजूंनी कनात, वर जुनं ताडपत्रीचं छत. दिवसाच्या नाटकाची कोणालाच सवय नव्हती. छताच्या भोकांतून उन्हाचे तुकडे मंचावर पडले होते. रंगवलेल्या पडद्यावरचा बंगल्याचा जिना रात्री खरा वाटतो. आता त्याचे ब्रशचे फटकारेही मोजता येत होते.

कमानीवर फलक होता : ‘पोरी तीन, ताप हजार. संगीत कौटुंबिक विनोदी नाटक.’ याच गोष्टीचा सिनेमा वीस वर्षांपूर्वी येऊन गेला होता आणि प्रत्येक दिवाळीला टीव्हीवर लागायचा. तीन मुलींचा बाप, घरात एकच न्हाणीघर, आणि कोणत्या मुलीला पाहायला आलोय तेच विसरलेला एक नवरदेव. रंजीतानं तो इतक्या वेळा पाहिला होता की संवाद तोंडपाठ होते.

बायकांच्या बाजूला त्यांची चटई. एका कडेला आई, मग रंजीता, मग आत्या, मग देवरावांच्या पत्नी शेवंताबाई. मागे खुर्च्यांवर बाबा, देवराव आणि प्रफुल. मुलगा वाईट नव्हता. त्यानं “जयभीम” म्हटलं, तिच्या पिशवीकडे पाहून “जड आहे का?” विचारलं आणि मग फोनमध्ये डोकं घातलं. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मध्यंतरात सांगायचं, तिनं ठरवलं. सगळे चहा पीत असतात तेव्हा.

पडदा उघडला. पेटी, ढोलकी, आणि तीन मुली नाचत आल्या, सिनेमातलंच गाणं, नव्या चालीत. चेहऱ्यांवरची रंगाची पुटं उन्हात भेगाळलेली दिसत होती. मग बाप आला, हातात छडी, आणि सगळ्या गावाला पाठ असलेली हजेरी सुरू झाली.

“एक?”

“आहे!”

“दोन?”

“आहे!”

“तीन?”

न्हाणीघरातून : “नाई!”

बांधीत हशा उसळला. रंजीतालाही हसू आलं. हसू ओसरलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाप अजून तसाच उभा आहे. पुढचं वाक्य म्हणत नाही. छडी हवेत धरून थांबलाय. आणखी एक नाव पुकारायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच.

मंचाच्या डाव्या अंगाला भिंतीचा पडदा होता. त्याच्या पायाशी एक मुलगी पाठमोरी बसली होती. मोरपंखी ड्रेस, मांडीवर सूप. तिनं तांदूळ निवडता निवडता एक हात किंचित वर केला आणि खाली घेतला. आवाज काही नाही.

“हं,” असा एक समाधानाचा आवाज आत्याच्या गळ्यातून निघाला. आजूबाजूच्या बऱ्याच म्हाताऱ्या गळ्यांतूनही.

मग बाप पुढचं वाक्य बोलला.

४

ही मुलगी नाटकात नंतर घातली असेल. झाडीकडच्या नाटक कंपन्या सिनेमा जसाच्या तसा थोडीच उचलतात. कुठे नोकर घालतात, कुठे शेजारीण. आणि तो रंग तर मूलच्या प्रत्येक दुकानात टांगलेला असतो. रंजीतानं हे सगळं नीट मांडून पाहिलं आणि ते सगळं पटण्यासारखं होतं.

तरी ती त्या मुलीकडेच पाहत राहिली. मुलीला गाणं नव्हतं. संवाद नव्हता. इतर पात्रं तिच्यावरून जात, तिला वळसा घालून जात, पण तिच्याकडे पाहत नसत. फक्त मुलींची कामं करणाऱ्या तिघी तिच्याजवळ आल्या की पाठ वळवून घेत, आणि नाचाचा भाग नसतानाही घेत.

मंचावर माइक दोरीला टांगलेले होते. त्यातला एक तिच्या डोक्यावर होता. दुसऱ्या गाण्यात रंजीताला वाटलं, स्पीकर खराब झालाय. गाण्याखालून एक सळसळ येत होती. मग कळलं, सुपातले तांदूळ. ती सूप हलवत होती आणि तो आवाज बांधीच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांमधून येत होता. गाणं चढत गेलं तसा तोही चढत गेला. ढोलकीवाल्यानं एकदा थांबून कान चोळला.

“आत्या,” रंजीतानं विचारलं, “ही चौथी कोण?”

“कोण?”

“भिंतीकडची. सिनेमात पोरी तीनच होत्या.”

“चार होत्या.”

“अवं, बाहेर फलकावर तीन लिहून आहे.”

“ते नाव आहे,” आत्या म्हणाली. “चौथी बोलत नाई, म्हणून तुमाले आठवत नाई. आमाले तेच आठवते.”

शेवंताबाई पुढे वाकल्या. “मोठी गुणाची दाखवली आहे पोरगी. मी तर नाटकात तिलेच पाहून राह्यलो.”

“हो ना,” आई म्हणाली. आईसुद्धा. तिच्या चेहऱ्यावर असा विसावा होता की रंजीताला एकदम राग आला, आणि रागाच्या मागून थकवा.

तिनं फोन काढला. सिनेमाचं पोस्टर शोधावं म्हणजे प्रश्न मिटला. पण खोदलेल्या त्या खड्ड्यात नेटवर्क नव्हतं. पांढऱ्या पडद्यावर एक चक्र नुसतं फिरत राहिलं. तिनं मागे वळून प्रफुलला विचारलं, “त्या सिनेमात पोरी किती होत्या हो?”

“तीन ना,” तो फोनमधून डोकं काढून म्हणाला. मग त्यानं मंचाकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. “तीन,” असं पुन्हा म्हणाला, पण हळू, आणि खुर्ची बाबांच्या खुर्चीकडे सरकवली.

मंचावर नवरदेव आला होता. सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. तो एकेकीसमोर उभा राहून विचारतो, “तुम्हीच का?” आणि तिघी तीन तऱ्हेनं त्याला हाकलतात. तिघींनी हाकलला. लोक हसले. मग तो भिंतीकडे वळला. दोन पावलं लांबच थांबून त्यानं विचारलं, “तुम्हीच का?”

सळसळ थांबली.

मुलीनं मान हलवली. एकदाच, खाली, वर.

कोणी हसलं नाही. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात मध्यंतराचा पडदा पडला आणि बांधीभर चहावाल्यांच्या हाका उठल्या. ठरलेली वेळ हीच होती. पण रंजीता वाक्य न बोलता उठली. “आलोच,” ती आईला म्हणाली, “दोन मिनिटांत.”

५

मंचामागे कापडानं आडोसा केला होता. आत तिघी मुली लोखंडी पेट्यांवर बसून तळलेला आलूपोंगा खात होत्या. बापाचं काम करणारा, तोच कंपनीचा मालक, श्रीहरी त्याचं नाव, मिशी काढून पाय बादलीत सोडून बसला होता.

“सही पाह्यजे का बाई?” तो म्हणाला. “बसा. दिवसाचं नाटक म्हणजे जीव जाते.”

“तुमची चौथी कुठी आहे?”

तिघींचं खाणं थांबलं.

“आमी तिघीच आणल्या,” श्रीहरी म्हणाला. “वडश्यावरून तीन लेडीज आणि मी. बाकी सारे तुमच्या गावचे पोट्टे. नेहमी असंच असते. मोठी कामं कंपनीची, किरकोळ गावची.”

“ती भिंतीकडची?”

“ती गावची.”

“गावची नाई. मी या गावची आहे. मी ओळखली असती.”

श्रीहरीनं पाण्यातून एक पाय काढला, पाहिला, पुन्हा बुडवला. “तुमच्या मंडळाच्या अध्यक्षानं मले सकाळी विचारलं, ती पोरगी तुमच्या कंपनीची का म्हणून. मी म्हटलं, नाई, तुमची. तो म्हणे बरं. इसापूरलेही असंच झालं. त्याच्या आधी नवेगावले. गाव समजते कंपनीची असंन, आमी समजतो गावची असंन.”

“मग तुमी तिले विचारलं नाई?”

“काय विचारणार? वेळेवर येते. भांडण नाई, नखरे नाई. लोकायले पसंत आहे. म्हातारे लोक तिच्यासाठीच परत बोलावतात आमाले. पुस्तकात तिचं काम नाई, पण तिच्यासाठी थांबा घ्या लागते. एकदा नाई घेतला.” त्यानं मिशी उचलून पुन्हा चिकटवायला घेतली.

“एकच आहे का? तिन्ही गावात?”

यावर मोठ्या मुलीचं काम करणारी करिश्मा बोलली. घामानं तिचं काजळ गालावर उतरलं होतं. “नाई. दर ठिकाणी वेगळी असते. इसापूरची उंच होती.” तिनं रंजीताला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि आलूपोंगा कागदात गुंडाळून ठेवून दिला. “बाई, तुमी आपल्या जाग्यावर जाऊन बसा. जागा सोडून कायले आल्या?”

“ती आता कुठी आहे, तेवढं सांगा.”

“मध्यंतरात ती इथी येत नाई,” करिश्मा म्हणाली. “लोकात जाते.”

६

रंजीता आडोशातून बाहेर आली. ऊन डोळ्यांवर आलं. हे लोक मुद्दाम घाबरवतात, तिनं स्वतःला सांगितलं. नाटकवाले ते, दुसरं काय करणार. गावातली कोणाची तरी भाची असेल. पाहुणी. आज अख्खं गाव पाहुण्यांचं आहे, तिला काय सगळी माणसं माहीत आहेत? ती भराभर चालू लागली.

ती बांधीच्या काठावर पोचली तेव्हा दुसरा अंक सुरू झाला होता. तिनं आधी मंचाकडे पाहिलं. भिंतीच्या पायाशी कोणी नव्हतं. सूप पालथं पडलं होतं. तिघी नाचत होत्या, मोकळ्या, भिंतीला लागून, हसत. कर्ण्यांतून फक्त गाणं येत होतं. एक, दोन, तीन. रंजीतानं श्वास सोडला.

मग तिनं आपली चटई शोधली.

आई होती. आत्या होती. शेवंताबाई होत्या. आई आणि आत्याच्या मधे मोरपंखी पाठ होती.

शेवंताबाईंनी त्या मुलीचा हात दोन्ही हातांत धरला होता. मागून बाबा आणि देवराव खुर्च्या सोडून पुढे आले होते आणि वाकून काहीतरी विचारत होते. प्रफुलची खुर्ची रिकामी होती; तो पार कमानीजवळ जाऊन उभा होता, इकडे न पाहता. बाबांनी पुन्हा विचारलं. मुलीनं मान हलवली. एकदाच. आत्या हसली. रंजीतानं तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तोंडातले पडलेले दातही दिसत होते. आईनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला, आणि तो हात रंजीताला आपल्या डोक्यावर जाणवला नाही.

तिकडं न जाता निघून जाता येईल, असं तिला वाटलं. स्टँड दोन किलोमीटर. पण मान हलली होती. तिच्या नावानं हलली होती. ती उतारावरून खाली शिरली, माणसांच्या गुडघ्यांमधून, ताटवाट्यांवरून, कोणी शिवी दिली, कोणाचा चहा सांडला. चटईच्या कडेला येऊन ती उभी राहिली. तिला धाप लागली होती. वाक्य होतं तिच्याकडे. बसमध्ये जुळवलेलं.

“मले हे लग्न करायचं नाई,” ती म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट. “मी सोमवारी हैद्राबादले जाऊन राह्यलो.”

मोरपंखी पाठ हलली नाही. आईनं मान वर केली. उन्हामुळे तिनं कपाळावर हात धरला आणि रंजीताकडे चांगलं पाहून घेतलं. शाईच्या बोटांकडे, चुरगळलेल्या कुर्त्याकडे, तोंडाकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. परक्याच्या लेकीसाठी असते तेवढी माया होती.

“कोणाकडच्या तुमी बाई?” तिनं विचारलं. “किती दमल्या. बसा ना.” आणि ती चटईवर जरा सरकली, कडेला एक बोटभर जागा झाली.

“आई.”

“काय म्हणते ते?” आत्यानं विचारलं.

“कोण आहे बाप्पा. लग्न नाई करायचं म्हणते. कुठं तरी जायचं आहे म्हणते.”

गिरजा आत्यानं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं आणि त्या हसण्यात रंजीतासाठीही थोडी जागा होती.

“मग नको करू, माय,” ती म्हणाली. “जाय तुले जिथी जायचं तिथी. तुले कोण जबरदस्ती करून राह्यलं?”